विहीणबाईंची बोट आणि फिरकीचा तांब्या

बोटीवर काय घालून जायचं असतं, हे नागपूरच्या बाईला कोण सांगणार? आमच्याकडे पाणी म्हणजे फुटाळा तलाव, आणि तिथेही माणूस जातो तो कणीस खायला. शेवटी मी पंजाबी ड्रेस घातला, त्यावर लेकीचा जाड स्वेटर चढवला, पायात तिचेच बूट घातले आणि आरशात पाहिलं, तर समोर डिसेंबरातला आमचा दूधवाला उभा! जुलै महिना होता. नागपुरात चिखल आणि उकाडा असणार, आणि इथे अमेरिकेत रेडमंडला सकाळी लख्ख ऊन असूनही अंगावर काटा येत होता.

आमची मंजिरी रेडमंडला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. केविन तिला तिथेच भेटला. तीन वर्षांपूर्वी आम्ही नागपुरात त्यांचं लग्न लावून दिलं, पण केविनची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई नोरा, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे येऊ शकल्या नव्हत्या. त्यामुळे आता आम्ही सहा महिन्यांसाठी आलो म्हटल्यावर त्यांनी लगेच आमंत्रण धाडलं: माझी मोटरबोट आहे, दोन दिवस चला, तुम्हाला सॅन वान बेटं दाखवते. विहीणबाई स्वतःच बोट चालवतात हे ऐकून मी तर सर्दच झाले. आमच्याकडे विहीण म्हटली की रुसणारी आणि मान करून घेणारी. ही कप्तान निघाली.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. भास्करराव पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झाले. राहुकाळ नाही, मुहूर्त नाही, मांजर आडवं गेलं तर त्याला वाट देणारा माणूस. अमेरिकन जावई म्हटल्यावर मीच दोन दिवस जेवले नाही, हे मात्र "मुलगा नीट आहे ना? मग झालं," म्हणून मोकळे. पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात अशी घट्ट बसली आहे की काढता निघत नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. माझे सासरे असंच करायचे. अमरावतीला आक्काकडे, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीकडे जाताना फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या भरून न्यायचे, ओसरीवर बसून त्यातलंच पाणी प्यायचे आणि निघायचे. तो तांब्या ह्यांनी कपड्यांत गुंडाळून थेट रेडमंडला आणला.

मी पहिल्याच दिवशी लेकीच्या हातचं पोटभर जेवले. म्हटलं, नऊ महिने तिने माझं खाल्लं आहे, आता मी तिचं खाते. पण हे बधले नाहीत. दुसऱ्याच दिवशी जावयाच्या गाडीतून इंडियन स्टोअरला गेले, स्वतःच्या पैशाने सोना मसुरी तांदूळ, डाळ, पीठ, एक लहान कुकर आणि पाण्याचे मोठे कॅन आणले. नळाला अमृतासारखं पाणी, आणि हा माणूस विकतचं पाणी तांब्यात भरून पितोय! मंजिरीने त्यांना ओट्याखालचा एक कप्पा रिकामा करून दिला. वर हसत म्हणाली, "बाबा, तुमचा अपार्टमेंट रेडी."

ती हसली खरी. पण आठवड्याभराने, हे फिरायला गेलेले असताना, पोरीने माझ्या कुशीत तोंड घातलं आणि ढसाढसा रडली. दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा पोटातलं टिकलं नाही. दुसऱ्या वेळी तर तीच हातची जायची वेळ आली होती. डॉक्टरांनी सांगितलं, आता पुन्हा नको. आम्हाला फोनवर तिने कधी चकार शब्द काढला नव्हता.

"आई, बाबा रोज वेगळा कुकर लावतात ना, त्याची शिटी झाली की मला कसं तरी होतं गं. वाटतं, ती शिटी मलाच विचारतेय."

मी म्हटलं, "आजच सांगते त्यांना."

"नाही. मी सांगेन. तू प्रॉमिस कर. आणि घरात नको. बाबांचं माहितीये ना तुला? अवघड काही निघालं की चपला घालून फिरायला जातात. बोटीवर सांगते. तिथून कुठे जातील?"

तर असं सगळं पोटात घेऊन आम्ही निघालो. ह्यांच्या हातात त्यांची कापडी पिशवी: दोन दिवस पुरतील इतक्या दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, आणि वर तो तांब्या.

दीडेक तासात अ‍ॅनाकोर्टिस आलं. तिथल्या बंदरात पांढऱ्या बोटींच्या रांगाच रांगा. त्यातल्या एका जुन्या, निळ्या पट्ट्याच्या बोटीवरून पांढऱ्या केसांच्या उंच बाई हात हलवत होत्या. मी ओटीचं सामान आणि पैठणीच्या काठाचं कापड घेऊन गेले होते. डुलत्या फळीवर उभं राहून मी त्यांना कुंकू लावलं आणि ओटी भरली. त्यांनी नारळ दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि विचारलं, "हा बोटीत ठेवला तर चालेल?" म्हटलं, ठेवा की, दर्यालाही बरं वाटेल.

बोटीचं नाव 'आयलीन'. नोराबाईंच्या आजीचं नाव. ही आजी आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरची. "तिचा किनारा अगदी असाच," नोराबाई म्हणाल्या, "बेटं, खडक, सील. फक्त पाऊस जास्त."

"रेडमंडपेक्षा जास्त?" ह्यांनी विचारलं. नोराबाई खो खो हसल्या. चला, म्हटलं, जमणार ह्यांचं.

बोट सुटायच्या आधी त्यांनी चहा केला. ह्यांच्यापुढे कप धरला. हे म्हणाले, "नो, थँक यू." त्यांनी पुन्हा विचारलं, हे पुन्हा नाही म्हणाले. मग नोराबाई मिश्कील हसून म्हणाल्या, "माझ्या आजीच्या घरी पाहुणा दोनदा नाही म्हणायचा आणि तिसऱ्यांदा घ्यायचा. हे तिसऱ्यांदा विचारतेय, भास्कर." आणि ह्या भल्या माणसाने तिसऱ्यांदाही मान हलवली, तांब्याची फिरकी उघडली आणि आपलं पाणी प्यायले. बाईंचा चेहरा पडला. मी घाईघाईने दोन कप चहा प्यायले, दूध नुसतं दाखवलेला, कडू.

समुद्राचं म्हणाल तर मी मनात रत्नागिरीच्या सहलीतला समुद्र घेऊन गेले होते, लाटा आणि वाळू. इथलं पाणी निराळंच. काळपट हिरवं, बर्फासारखं गार, आणि दोन्ही बाजूंनी देवदाराची दाट बेटं थेट पाण्यात उतरलेली. मागे वळून पाहिलं की आभाळात माउंट बेकर, भर जुलैत डोक्यापासून बर्फाने माखलेला. मधूनच एखादी अवाढव्य फेरी (गाड्या आणि माणसं नेणारी सरकारी नाव) जायची आणि तिच्या लाटेने आमची आयलीन अशी हलायची की मी मोठ्याने रामरक्षा सुरू करायचे. एका खडकावर सील पहुडले होते. पोटं वर करून, रविवारी जेवण झालेल्या माणसांसारखे. मंजिरी म्हणाली, "आई, बोट नको दाखवूस, घाबरतील." कुठले घाबरतात! एकाने डोळा उघडून पाहिलं आणि कूस बदलली.

रोझारियोच्या खाडीत पाणी एकाएकी उकळल्यासारखं दिसायला लागलं. वारा नाही, काही नाही, आणि पाणी मात्र जागच्या जागी गरगरतंय. हे ताडकन उठून नोराबाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. भरती-ओहोटीचं पाणी बेटांच्या चिंचोळ्या फटींतून कसं रेटा घेतं, यावर दोघांची अशी काही गट्टी जमली की बाईंनी सुकाणूच ह्यांच्या हातात दिलं. पंचवीस वर्षं कालव्यांची दारं उघडण्यात गेलेला माणूस! चेहरा लग्नातल्यासारखा फुलला होता. पण दुपारी सँडविचची ताटली पुढे आली तसे उठले आणि मागच्या उघड्या डेकवर जाऊन पाठ करून दशमी खात बसले. केविन हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आई, माझं काही चुकलं का?" त्याला त्या नियमाचं मंजिरीने सांगितलं होतं, पण तरी विचारलं पोराने. मी त्याच्या गालावरून हात फिरवला. दुसरं काय करणार?

संध्याकाळी जोन्स नावाच्या बेटाच्या धक्क्याला बोट बांधली. बेटावर वस्ती नाही. शेळीएवढी हरणं माणसांना न घाबरता चरत होती, आणि काठावर मड्रोनाची झाडं (साल निघून आतून लालचुटूक दिसणारं झाड) पाण्यावर वाकलेली. ऊन तर मावळायलाच तयार नव्हतं. मंजिरी बाकड्यावर वडिलांशेजारी येऊन बसली.

"बाबा, तुमच्याशी बोलायचंय."

"बोल ना." हे खुशीत होते, सुकाणू चालवलेले. "अगं, ही बेटं पाहून मी काय ठरवलं माहितीये? पुढच्या वेळी येऊ तेव्हा नातवंडाला इथे आणायचं. तेव्हा विहीणबाईंचा चहा पण घेईन. राहून गेला बघ."

पोरगी उठली आणि झाडांतल्या पायवाटेने चालू लागली. बापाचीच लेक ती! केविन तिच्या मागे गेला. हे मला विचारतात, "काय झालं हिला?" मी म्हटलं, "काही नाही, डास चावतात."

मी आणि नोराबाई बोटीत भांडी विसळत होतो. त्या विसळायच्या, मी पुसायचे. माझं इंग्रजी टेलिफोन ऑफिसातल्या नोकरीतलं, जेवढ्यास तेवढं. एकदम त्या म्हणाल्या, "तिने अजून त्यांना सांगितलं नाही ना?" मी मान हलवली. "दुसऱ्या वेळी हॉस्पिटलमध्ये मीच होते तिच्याजवळ," त्या म्हणाल्या. "रात्रभर तुम्हालाच हाका मारत होती. आई, आई. मला तेवढा एक शब्द कळला."

खरं सांगते, आधी मला हेवा वाटला. माझ्या लेकीचा हात दुसऱ्याच बाईने धरला आणि मी नागपुरात कैऱ्यांचं लोणचं घालत बसले होते! आणि मग असं भरून आलं की मी ओल्या फडक्यासकट त्या बाईच्या गळ्यात पडले. कोण कुठली आयर्लंडच्या आजीची नात. माझ्या पोरीला तिने सांभाळलं.

सकाळी जाग आली ती ह्यांच्या ओरडण्याने. "अरे बापा रे! हे काय झालं?"

बाहेर येऊन पाहते तर डेकवर दशम्यांचा चुरा, ठेच्यात बुडालेली इवल्या इवल्या पंजांची नक्षी आणि पिशवीच्या चिंध्या. रकून! (मांजरापेक्षा जरा मोठा, डोळ्यांवर काळी पट्टी असलेला चोरटा प्राणी, ह्या बेटांवर भरपूर.) बाकी सगळं अन्न आत कुलपात होतं. ह्यांनी मात्र आपलं अन्न त्यांच्या अन्नात मिसळायला नको म्हणून पिशवी बाहेर ठेवलेली. ठेच्याची चव घेऊन रकूनने काय केलं असेल, या विचाराने मला हसू फुटत होतं, पण ह्यांच्याकडे पाहून गिळलं. हे पिशवी उलटीपालटी करत होते.

"तांब्या कुठाय?"

केविनने धक्क्यावरून वाकून पाहिलं. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. खाली तळाशी पितळ चमकत होतं.

"जाऊ दे," हे हळू आवाजात म्हणाले. "आज उपास समजू. संध्याकाळी तर घरी पोचतो." पण त्यांचा चेहरा पाहवेना. त्यांच्या वडिलांची तेवढीच एक वस्तू उरली होती.

केविनने शर्ट काढला. कोणी काही म्हणायच्या आत पाण्यात उडी घेतली. त्या पाण्यात हात घातला तरी बोटं बधिर व्हायची! आणि त्याच क्षणी मंजिरी धक्क्यावर धावत येऊन किंचाळली, "केविन, डोन्ट! राहू दे तो तिथेच!"

"अगं, आजोबांचा तांब्या आहे तो," हे म्हणाले.

"माहितीये मला कोणाचा आहे. कशासाठी आहे तेही माहितीये." ती ह्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, तुम्ही ज्याची वाट बघताय ना, ते होणार नाहीये. दोनदा झालं आणि दोनदा गेलं. डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा ट्राय करायचं नाही. मग काय, तुम्ही माझ्या घरी कधीच जेवणार नाही? आयुष्यभर माझ्यासमोर वेगळा कुकर लावणार?"

हे तिच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मग त्यांची जन्माची सवय, वळले आणि चालू लागले. पण वळले ते चुकीच्या बाजूला. बेट राहिलं मागे, हे पाण्याच्या दिशेने निघाले, आणि चार पावलांत धक्काच संपला. तिथे काठावर पाठमोरे उभे राहिले. पुढे जायला जागा नव्हती.

तेवढ्यात केविन वर आला. ओठ निळे पडलेले, दात वाजतायत, आणि तांब्या धरलेला हात उंच. ज्या तांब्यापायी सासऱ्याने त्याच्या घरचं घोटभर पाणीही घेतलं नव्हतं, तो तांब्या त्याने ह्यांच्या पायाशी ठेवला. "बाबा, फिरकी पण आहे," म्हणाला.

हे खाली बसले. खांद्यावरची शाल काढून त्याच्याभोवती गच्च गुंडाळली आणि त्याचे हात चोळायला लागले. "वेडा आहेस का तू? न्यूमोनिया झाला असता म्हणजे?" असं इंग्रजीत रागावत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. छत्तीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मग मंजिरीकडे न पाहता म्हणाले, "मला काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही उठून गेला असता."

"हो," हे म्हणाले. "गेलोच असतो." मग केविनचे हात तसेच चोळत म्हणाले, "मंजू, मी तुझा मान म्हणून पाळत होतो गं. लेकीवर भार नको, एवढंच. रोज तुझ्या जखमेवर बोट ठेवत होतो, आणि मला कळलंसुद्धा नाही."

मंजिरी त्यांच्या शेजारी लाकडावर बसली. डोकं त्यांच्या दंडाला टेकवलं. नोराबाई आतून चहाची किटली घेऊन आल्या होत्या, पण दारातच थांबल्या. त्यांना मराठी कळत नव्हतं, तरी सगळं कळलेलं होतं.

मग ह्यांनी नाक पुसलं. "मंजू," म्हणाले, "मला भूक लागली आहे. काय आहे तुझ्याकडे?"

ती आत पळाली. नोराबाईंच्या आजीच्या पद्धतीचा सोडा ब्रेड होता, त्याचे काप तिने लोखंडी तव्यावर लोण्यात परतले आणि ताटली घेऊन आली. ह्यांनी घास तोडला, सावकाश चावला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहतोय.

"मीठ कमी आहे," हे म्हणाले.

"बाबा!" मंजिरी रडता रडता हसली.

नोराबाईंनी मला विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, फार छान झालाय म्हणतात. मग हे त्यांच्याकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "काल तुम्ही मला तीनदा विचारलंत. आज एकदाच विचारा." बाईंनी विचारलं. हे दोन कप प्यायले, साखर मागून.

परतीच्या वाटेवर सूर्य पाठीवर होता. काळ्या-पांढऱ्या पॉर्पसची (डॉल्फिनचा बुटका भाऊ) एक जोडी बोटीबरोबर बराच वेळ पळत होती. तांब्या ह्यांनी केविनलाच देऊन टाकला. "तू काढलास, तुझा." केविन आता ऑफिसात त्यातूनच पाणी पितो म्हणे, आणि मीटिंगमध्ये फिरकी उघडली की सगळे बघतात.

नागपूरला परत आल्यावर माझ्या मैत्रिणींनी विचारलं, व्हेल दिसला का? नाही दिसला. बेटांचे फोटो त्यांना दाखवते, हरणं दाखवते, नोराबाईंच्या कपाळावरचं कुंकू दाखवते. पण मला स्वतःला तो प्रवास आठवतो तो त्या संध्याकाळी घरी पोचल्यावरचा. मी चपला काढत होते तर हे थेट स्वयंपाकघरात गेले, ओट्याखालच्या आपल्या कप्प्यातून सोना मसुरीची पिशवी काढली आणि मंजिरीच्या बासमतीच्या डब्यात धाडकन ओतली.

मी ओरडले, "अहो, काय करताय! दोन्ही तांदूळ वेगळे. एक शिजेल आणि एक गिच्च होईल."

"होऊ दे," हे म्हणाले, आणि आपला लहान कुकर माळ्यावर टाकायला केविनला हाक मारली.

भात व्हायचा तसाच झाला, अर्धा फडफडीत, अर्धा गोळा. मंजिरी वाढायला उभी होती. ह्यांचं ताट रिकामं झालं तसं तिने हळूच विचारलं, "बाबा, अजून थोडा?"

"वाढ," हे म्हणाले. "घरचाच तर आहे."